न्यूयॉर्क निखिलचं, टोलेडो माझं

निखिलकडे न्यूयॉर्क होतं, साहिलकडे शिकागो आणि माझ्याकडे टोलेडो. यातलं एकही शहर आमच्यापैकी कुणी पाहिलेलं नव्हतं, आणि टोलेडो नकाशात नेमकं कुठं आहे हे मला आजही शोधावं लागेल. पण अकरावी-बारावीच्या त्या दिवसांत मला कुणी झोपेतून उठवून विचारलं असतं, तू कुठली, तर पनवेलच्या आधी माझ्या तोंडून टोलेडो आलं असतं. निखिलचा आतेभाऊ जहाजावर नोकरीला होता. त्याच्याकडे आम्ही क्रिकेटचा गेम मागितला होता. त्यानं पेनड्राइव्हवरून आणला बेसबॉलचा. त्यात चित्र नाही, आवाज नाही, नुसती नावं आणि आकडे. आपण खेळायचं नाही. आपण संघाचे मालक. कुणाला घ्यायचं, कुणाला किती पगार द्यायचा, कुणाला बसवायचं हे ठरवून बटण दाबायचं, की दिवसभराच्या सामन्यांचे निकाल पडद्यावर येत. पहिल्या रविवारी आम्ही नाकं मुरडली. दुसऱ्या रविवारी साहिल म्हणाला की पिचर म्हणजे आपला बोलरच ना यार, आणि तिथून पुढं आमची सुटका झाली नाही.

प्रत्येक शहराच्या पानावर अगदी खाली एक ओळ असायची: बाजार. न्यूयॉर्कपुढं लिहिलेलं, प्रचंड. शिकागोपुढं, मोठा. टोलेडोपुढं, अगदी लहान. पहिले काही महिने ती ओळ आम्ही कुणी वाचलीच नाही, आणि सगळं तर तिथंच लिहून ठेवलेलं होतं. मोठ्या शहरात तिकिटं जास्त खपतात, टीव्हीवाले जास्त देतात, त्यातून चांगले खेळाडू घेता येतात, ते जिंकून देतात, म्हणून आणखी लोक येतात. लहान शहरानं काय करायचं? अठरा वर्षांचं कच्चं पोरगं घ्यायचं, खालच्या संघात पाच-सहा हंगाम घोटवायचं, आणि ते पिकलं की करार संपतो आणि न्यूयॉर्क येऊन त्याला झाडावरून आंबा काढावा तसं काढून नेतं. यात कुणी चोरी करत नाही. सगळं नियमाप्रमाणे होतं. म्हणूनच मला ते सहन व्हायचं नाही.

टोलेडो माझ्या वाट्याला आलं कारण मी उशिरा पोचले. रविवारी सकाळी माझ्याकडे घड्या घालायचं काम असायचं. बाबा पनवेलातल्या एका छापखान्यात अक्षरजुळणी करायचे. आधी खिळ्यांची, मग संगणकावरची. पण त्यांचं खरं काम संध्याकाळी सुरू व्हायचं. मिठागरावरच्या कामगारांचं पत्रक, वीटभट्टीवर राबणाऱ्या डोंगरातल्या लोकांचं पत्रक, विमानतळासाठी ज्यांच्या जमिनी जाणार होत्या त्यांचं पत्रक. मी बाराखडी पाटीवर शिकले नाही, पत्रकांवर शिकले. ‘बंधूंनो आणि भगिनींनो’ हे मला ‘कमळ बघ’च्या आधी वाचता यायचं. आमच्या दीड खोलीत भाताच्या डब्यावर पत्रकं, शिलाई मशीनखाली पत्रकं. आई डब्यातली पोळी गुंडाळायची तीही वाया गेलेल्या पत्रकात, आणि शाळेत माझ्या पोळीवर कधी कधी ‘जाहीर निषेध’ उलटा उमटलेला असायचा. त्या रविवारीही गठ्ठा घड्या घालून, नाक्यावर देऊन मग मी करंजाड्याला निखिलकडे गेले. तोवर न्यूयॉर्क आणि शिकागो गेलेली होती. निखिल म्हणाला, “घर माझं, कॉम्प्युटर माझा, म्हणून पहिला नंबर माझा. तू लवकर यायचंस ना, क्रांते.”

माझं नाव क्रांती. बाबांनी ठेवलेलं. त्याचं ओझं किती ते माझं मलाच माहीत.

निखिलच्या घराबद्दल मला सावकाश लिहायचं आहे, कारण दुसरं कुठलंच घर मी इतकं टक लावून पाहिलेलं नाही. त्यांचं मूळ गाव विमानतळात गेलं. घरं पाडली, टेकडी कापली, खाडीत भराव घातला. बदल्यात करंजाड्यात भूखंड मिळाला आणि त्यावर चार मजली इमारत उभी राहिली, आजोबांच्या नावाची. तळमजल्यावर दुकानांची भाडी, वर सगळे भाऊ. निखिलची खोली तिसऱ्या मजल्यावर. आत एसी, आणि खिडकीतून समोर अर्धवट बांधलेल्या इमारतींची रांग. दुपारी खालून वड्यांचा वास यायचा. तांदळाच्या पिठाचे फुगलेले वडे आणि कोंबडीचं झणझणीत कालवण. निखिलची आई परात घेऊन वर यायची आणि मला म्हणायची, “घे गो बाय, लाजू नको. सरांची पोर तू. तुज्या बापानं आमच्यासाठी किती कागद लिवलं.” पत्रकांमुळे बाबांना तिकडे सगळे सरच म्हणायचे. ती हे मनापासून म्हणायची, आणि मी मनापासून चार वडे खायचे, आणि प्रत्येक घासाला माझ्या पोटात काहीतरी जळायचं. तो मसाला नव्हता.

तेव्हा कुणी म्हटलं असतं की तुला निखिलचा हेवा वाटतो, तर मी त्याच्या अंगावर धावून गेले असते. मला वाटायचं, हा वर्गसंघर्ष आहे. आता अठ्ठाविसाव्या वर्षी एवढंच म्हणेन की दोन्ही होतं, आणि एकानं दुसरं खोटं ठरत नाही. मला एसीचा हेवा होता, वड्यांचा होता, पण सगळ्यांत मोठा हेवा विचित्र होता. मला त्यांच्या गेलेल्या गावाचा हेवा वाटायचा. आमचं गाव कुठलं असं मी विचारलं की बाबा म्हणायचे, जिथं भाडं भरतो ते. निखिलचं गाव जमिनीवर उरलं नव्हतं, तरी दर हिवाळ्यात टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धेला त्याच नावाचा संघ उतरायचा. कुणी करंजाड्यातून, कुणी खारघरच्या टॉवरमधून, कुणी उरणकडून यायचं, सगळ्यांच्या पाठीवर त्या नसलेल्या गावाचं नाव. निखिलचे बळीरामकाका त्या स्पर्धांमध्ये पंच असायचे. पांढरी टोपी, हातात चेंडू मोजायचे खडे. आसपासच्या गावांत त्यांचा शब्द शेवटचा.

टोलेडोत माझ्याकडे एकच माणूस होता: एडी मरांडा. डावखुरा पिचर. अठराव्या वर्षी मी त्याला घेतला तेव्हा त्याच्या नावापुढचे आकडे इतके मामुली होते की साहिल हसला होता. मी त्याला घाईघाईनं वर आणलं नाही. खालच्या संघात ठेवला, जपून खेळवला, खांदा दुखला तेव्हा अर्धा हंगाम विश्रांती दिली. आणि मग एका रविवारी, आमच्या डोळ्यांदेखत, त्यानं न्यूयॉर्कला एकही धाव करू दिली नाही. पडद्यावर नुसत्या ओळी येत होत्या: बाद, बाद, बाद. साहिल टाळ्या पिटत होता, त्याचं शिकागो त्याच आठवड्यात निखिलकडून सपाटून हरलेलं. निखिल हसत म्हणाला, मस्त टाकतो ग हा. आणि त्यानं मरांडाच्या पानावर जाऊन करार कधी संपतो ते पाहिलं. माझ्यासमोर, अगदी सहज, बाजारात भेंडी मोडून बघावी तसं. करार त्याच हंगामाअखेर संपत होता.

मी घरी आले आणि पत्रक लिहायला बसले. ‘न्यूयॉर्कची मक्तेदारी मोडून काढा!’ असं ठळक शीर्षक, खाली दोन मागण्या. पहिली, सर्व शहरांचं उत्पन्न एकत्र करून सारखं वाटावं. गेमच्या आत तशी एक सोय होती, टिचकी मारली की चालू. दुसरी, आपल्याकडच्या गावांच्या स्पर्धेत असतो तसा नियम लावावा: गावचा खेळाडू गावाकडूनच खेळेल, बाहेरच्यानं पैसे दाखवून त्याला न्यायचं नाही. बाबा जेवत होते. मी कागद त्यांच्या ताटाशेजारी ठेवला. न्यूयॉर्क म्हणजे काय, मक्तेदारी कसली, हे काहीही न विचारता त्यांनी डाव्या हातानं पेन घेऊन दोन ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केले आणि म्हणाले, “मागणी एकच ठेव. दोन ठेवल्या की समोरचा त्यातली सोपी तेवढी मान्य करतो आणि तुझं आंदोलन घरी जातं.”

मी विचारलं, कुठली ठेवू. ते म्हणाले, जी मागताना तुझी मान खाली जाणार नाही ती.

मी पहिली खोडली. आज मला दिसतं की तीच खरी होती. पण ती वाचताना मला निखिलची आई परात घेऊन उभी दिसायची. घे गो बाय. उत्पन्न वाटून घ्या म्हणजे तुमच्यातलं मला द्या. आणि निखिलनं तर हसत दिलंच असतं. त्याच्याकडून वाटा मागायचा नव्हता मला. दुसऱ्या मागणीत कसं, कुणापुढं हात पसरायचा नव्हता. माझा माणूस माझा, एवढंच.

पुढच्या रविवारी मी पत्रकाच्या तीन प्रती घेऊन गेले. साहिलनं उभं राहून, हात उंचावून ते मोठ्यानं वाचलं, आणि शेवटी म्हणाला, “मैं तो साथ हूं बाबा, माझे पण दोन बॅटर यानंच नेलेत.” निखिलला राग आला नाही. तो कधीच रागवायचा नाही. रागवायची गरज ज्याला पडत नाही अशा माणसासारखा तो खुर्चीत मागे रेलून म्हणाला, एक सीझन करून बघू की. पण गावचा म्हणजे नक्की कोण, ते ठरवायला लागेल. नेमके तेव्हा बळीरामकाका एसीत जरा पडायला म्हणून वर आले होते. मी संधी साधली. पंचच समोर असताना आणखी काय हवं? मी त्यांना विचारलं की काका, तुमच्या स्पर्धेत गावचा खेळाडू कसा ठरवता. राहतो कुठं यावरून, की लहानपणापासून कुणाकडून खेळला यावरून?

काकांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “राहतो कुठं ते नाय बघत आमी. राहन्यावर गेलो तर आमचा संघ उद्या बंद. आमचा गाव हाय कुठं आता? समदी पोरं चार दिशांना. आन कुनी कुनाला शिकवला तेबी नाय बघत, त्यात भांडनं व्हतात. जल्म कनच्या गावात, येवढंच इचारायचं. जल्म बदलत नाय.”

मला भरून आलं होतं, खरंच. जमीन गेली, घर गेलं, पण जन्म बदलत नाही. असं वाक्य मी कुठल्या पत्रकात वाचलं असतं तर अधोरेखित केलं असतं. मी लगेच म्हटलं, ठरलं, जन्मगाव. साहिल मान्य म्हणाला, निखिल मान्य म्हणाला. ज्यांच्या जन्मगावाला संघच नाही त्यांना तिघांनी आळीपाळीनं वाटून घ्यावं, असंही ठरलं. मग निखिलनं खेळाडूंची यादी जन्मस्थानाप्रमाणे लावली आणि वाचायला सुरुवात केली.

तो वाचत होता आणि न्यूयॉर्क संपत नव्हतं. साहजिक होतं. जिथं लोक जास्त तिथं पोरं जास्त जन्मणार. बाजार प्रचंड आहे म्हणजे शेवटी तिथं माणसंच प्रचंड आहेत. हे शेंबड्या पोराला कळावं, पण आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं, कारण आमच्या डोळ्यांसमोर सारख्या आकाराची गावं होती. दोनशे उंबरे, एक मैदान, एक देऊळ. पनवेलजवळच्या शिरढोणचा संघ आणि शेजारच्या गावचा संघ यात पोरांचा तुटवडा कुणालाच नसतो. न्यूयॉर्क हे गाव नाही, हे काकांना माहीत नव्हतं आणि मला सुचलं नाही. शिकागोचीही यादी बरी लांब होती. टोलेडोत जन्मलेले दोघं निघाले. एक सदतीस वर्षांचा, गुडघा गेलेला. दुसरा अजून कच्चा.

निखिल वाचता वाचता थांबला. मी म्हटलं, वाच.

“मरांडा, एडी,” तो म्हणाला. “ब्रुकलिन, न्यूयॉर्क.”

साहिलनं तोंडावर हात ठेवला. तो हसू दाबत होता की हळहळ, मला कळलं नाही. निखिलची आई नेमकी ताटं न्यायला आली होती. काय झालं म्हणून विचारल्यावर काकांनी तिला सांगितलं की पोरीचा चांगला बोलर निखिलच्या गावचा निघाला. ती म्हणाली, मग घरजावय करून ठेव गो त्याला, हाय काय नाय काय. सगळे हसले. काकांनी गंभीरपणे सांगितलं की जावयाला खेळवायचा एक ठराव त्यांच्या स्पर्धेतही दोनदा आला होता, आणि दोन्हीदा डोकी फुटली होती. मग आणखी हसले. निखिलही हसला आणि म्हणाला, “जाऊ दे ना क्रांती. तू ठेव त्याला. मी काय बोलणार नाय. माझ्याकडे हाईत की.”

माझ्याकडे आहेत की. त्याला त्यात काही लागट वाटलं नव्हतं. मी मात्र पत्रक उचललं, माझ्या हातानं लिहिलेला नियम त्याच्यापुढं धरला आणि म्हटलं की नियम सगळ्यांना सारखा. तू मला सूट देणारा कोण? आवाज चढला होता माझा. काका टोपी घालून खाली निघून गेले. मी स्वतः माउस घेतला, मरांडाचं नाव टोलेडोतून उचललं आणि न्यूयॉर्कच्या रकान्यात टाकलं. घरी येताना करंजाड्याच्या रस्त्यावर मी रिक्षासुद्धा केली नाही. रागात माणूस चालत सुटतो. घरी बाबांनी विचारलं, मागणी मान्य झाली का. मी म्हटलं, पूर्ण मान्य झाली. ते खूश झाले. त्यांच्या फार थोड्या मागण्या पूर्ण मान्य झाल्या होत्या.

तो हंगाम मी कसा काढला ते सांगण्यात अर्थ नाही. टोलेडो तळाला गेलं. मी निकाल वाचायचे ते टोलेडोचे नाहीत, न्यूयॉर्कचे. मरांडा कधी खेळतो ते बघायचं होतं मला. त्यानं निखिलला जिंकून द्यावं असं वाटायचं, म्हणजे मला तरी म्हणता आलं असतं की बघा, माझ्या माणसावर तुमचं राज्य उभं आहे. त्यानं सपाटून मार खावा असंही वाटायचं. दोन्ही झालं नाही. त्याचं नावच कुठं येत नव्हतं. आठवडे गेले, तसं मी एका रविवारी निखिल जेवायला खाली गेलेला असताना त्याच्या संघाची पानं उघडली. मुख्य संघात मरांडा नव्हता. तो खालच्या संघात होता, तिथंही राखीव. निखिलकडे त्याच्याहून चांगले चार जण होते, चौघेही न्यूयॉर्कमध्ये जन्मलेले. न खेळता बसलेल्या पिचरचा हात गंजतो. त्याचे मी वर्षानुवर्षं जपलेले आकडे एकेक उतरले होते.

निखिल वर आला तेव्हा मी विचारलं, याला खेळवत का नाहीस. त्यानं वाकून पडद्याकडे पाहिलं. कोण, हे आठवायला त्याला क्षणभर लागलं. “अरे हा. असू दे की तिथं. कधी लागला तर.”

मला जळणं म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. त्याआधीचं सगळं लुटुपुटीचं होतं. त्यानं माझा माणूस नेला असता, डोक्यावर घेतला असता, त्याच्या जोरावर अजिंक्यपद मिळवलं असतं, तर मी त्याचा द्वेष करून मोकळी झाले असते. पण माझ्याकडे होतं नव्हतं ते सगळं त्याच्या घरात अडगळीसारखं एका कोपऱ्यात पडलं होतं, आणि ते तिथं आहे हे त्याच्या लक्षातही नव्हतं. मोठ्या बाजाराची ताकद लोक जिंकण्यात मोजतात. मी ती त्या ‘लागला तर’मध्ये मोजते. अजूनही. सभांमध्ये, संपादकांच्या खोल्यांमध्ये, जिथं माझ्यासकट दहाजणांचं लिखाण ‘असू दे तिथं’ म्हणून ठेवून घेतलेलं असतं.

हंगाम संपला, तसा नियमही संपला. साहिलच कंटाळला होता. खेळाडूंची अदलाबदल पुन्हा सुरू झाली. मी म्हटलं, मरांडा मला परत हवाय. निखिल म्हणाला, घे ना, असाच घे. मी म्हटलं, असाच नाही. त्यानं खांदे उडवले आणि अदलाबदलीचं पान उघडलं. डावीकडे त्याचा रकाना, त्यात मरांडाचं नाव. उजवीकडचा माझा रकाना रिकामा. “बरं, मग काय देतेस?” त्यानं विचारलं. तो टिंगल करत नव्हता. त्या पानावर तसंच विचारावं लागतं.

मी माझा संघ वरून खाली पाहिला. पुन्हा पाहिला. त्याला लागेल असं माझ्याकडे एकही नाव नव्हतं. त्याच्याकडे नव्हती अशी टोलेडोकडे एकच गोष्ट होती. तळाला गेलेल्या संघाला पुढच्या वर्षी नव्या मुलांमधून पहिली निवड करायला मिळते. खेळाची तेवढीच काय ती दया. त्या वर्षीच्या नव्या मुलांची नावंही अजून यायची होती. त्यांतला सगळ्यांत चांगला कोण असेल, कुठला असेल, डावखुरा असेल की उजवा, काही माहीत नव्हतं.

मी ती निवड माझ्या रकान्यात टाकली. साहिल हळूच म्हणाला, मत कर यार. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. निखिलनं मान्य करण्याचं बटण दाबलं, आणि दाबताना त्याची नजर पडद्यावर नव्हती. तो दाराकडे मान वळवून खाली ओरडत होता, आई, वडे झाले का.